तिसरा रकाना

उज्जैन, रंगपंचमीनंतरचा मंगळवार

स्वस्ति श्री. अखंडितहास्यलक्ष्मीअलंकृत, सकलगुणगणमंडित, आम्रलोणचेसंप्रदायप्रवर्तिका, भोपाळसरोवरतीरनिवासिनी, शिप्रामातेस दोन वेळा पादत्राणे अर्पण करून ‘कुत्र्याने नेली’ असे निःशंक सांगणारी सत्यव्रता, संस्कृत विषयात आयुष्यात एकदाच आणि तेही सख्ख्या भावाच्या हातून अनुत्तीर्ण झालेली विदुषी, प्रिय सुलू हीस, अवंतिकाक्षेत्रस्थ, त्रिकालभाषणनिष्णात, श्रवणशास्त्राच्या प्रथम वर्गात नुकतेच प्रविष्ट, महाविद्यालयीन संस्कृत विभागाचे एकमेव स्तंभ आणि एकमेव छप्पर, वेदशास्त्रसंपन्न माधव यांचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

मायना संपला. मजकुरास प्रारंभ करण्यापूर्वी आपल्या कुलाचा इतिहास आठवावा लागेल, कारण या पत्राचे दुखणे आनुवंशिक आहे. आपले खापरपणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात मायने लिहीत. मजकूर लिहिण्यास दुसरा कारकून असे. आपल्याकडे फक्त पदव्या. कोणास ‘विख्यात’ म्हणावे, कोणास ‘जगद्विख्यात’, एवढेच ज्ञान आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या झिरपत आले. दोनशे वर्षांत आपल्यापैकी कोणी मजकुरापर्यंत पोचलेच नाही, असे बाबा म्हणत, आणि म्हणून स्वतःच हसत. तुला सायकल हवी होती तेव्हा त्यांनी आधी मायना लिहून आणायला लावला होता. तू ‘द्विचक्रदानसमर्थ पितृचरणकमल’ असे लिहिलेस आणि सायकल आली. पुढे लग्न होऊन भोपाळला गेलीस तरी माझ्या प्रत्येक मायन्यास तुझा सवाई मायना येत असे. गेली सात वर्षे मी मायना पाठवतो आणि उत्तरादाखल तुझ्याकडून फोनवर एक हसरा पिवळा चेहरा येतो. मी त्यास पोच समजत आलो.

आता वर्तमान. गतवर्षी आमच्या प्राचार्यांनी विद्यार्थी-समुपदेशन कक्षाची धुरा माझ्या स्कंधांवर ठेवली. माझी पात्रता एकच: “शास्त्रीजी, आप बच्चों को हँसाते बहुत हैं।” कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीवर धबधब्याचे चित्र. विद्यार्थी येत, पाच मिनिटांत हसू लागत, पंधराव्या मिनिटास आभार मानून जात, आणि परत येत नसत. एकाच भेटीत रोग समूळ नष्ट करण्याचे हे सामर्थ्य प्रत्यक्ष धन्वंतरीसही नव्हते, असे मी वार्षिक अहवालात नम्रपणे सुचवले. प्राचार्यांनी अहवाल वाचला आणि मला रीतसर प्रशिक्षणास धाडले. शनिवार-रविवार, माधव नगर, दंतवैद्याच्या दवाखान्यावरचा मजला, कालावधी एक वर्ष. तुझ्या वहिनीची यावरील टीका संक्षिप्त होती: “घरचं ऐकायला यांना फुरसत नाही, आणि फीस भरून ऐकायला शिकायला चाललेत.” मंगलाच्या वाक्यात दुरुस्तीस वाव नसतो, हे तू जाणतेसच.

आमच्या आचार्या मानसी मॅडम. वय बत्तीस, म्हणजे मी संस्कृत शिकवू लागलो तेव्हा त्या बाराखडी गिरवत असतील. त्यांच्या पंथाचे तत्त्व असे की, बोलायला आलेल्या माणसास आपली वाट आतून ठाऊक असते. ऐकणाऱ्याने उपदेश करू नये, निदान करू नये, दिवा घेऊन पुढे धावू नये. त्याने तीनच गोष्टी सांभाळाव्यात. समोरच्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्यास कोणतीही अट न घालता आपलेसे करावे. आणि आतून एक, बाहेरून एक असे असू नये. पहिल्या दोन मी सूत्ररूपाने मुखोद्गत केल्या. तिसरीशी माझा पूर्वपरिचय नव्हता. मी विचारले, की मॅडम, यास काही साधन, उपकरण, यंत्र? त्या म्हणाल्या, “सर, औजार तर आपणच ना. कुठे धार आहे, कुठे गंज चढलाय, हे आधी आपल्याला माहीत पाहिजे.” मी म्हणालो, गंज हा पुरातत्त्वाचा विषय आहे. वर्ग हसला. त्याही हसल्या, पण हसून झाल्यावर माझ्याकडे पाहत राहिल्या. असे पाहणे सभ्य समाजात सहसा आढळत नाही.

या शास्त्रात एक विधी आहे, तो तुला सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. सहाध्याय्यांपैकी एकाने बोलायचे, दुसऱ्याने वीस मिनिटे ऐकायचे, आणि ते सर्व ध्वनिमुद्रित करून नंतर अक्षरशः उतरवून काढायचे. ‘हं’, ‘अं’, खोकला, शांतता किती सेकंद, सगळे. छापील कागदावर तीन रकाने असतात. पहिल्यात समोरच्याचे बोलणे, दुसऱ्यात आपले, आणि तिसऱ्यात ‘त्या क्षणी माझ्या आत काय चालले होते’. पहिले दोन ऐसपैस आहेत. तिसरा दीड बोट रुंद आहे, त्यात धड अनुस्वारसुद्धा मावत नाही. मी याविषयी लेखी निवेदन दिले. कागद असाच येतो, असे उत्तर मिळाले.

माझ्यापुढे बोलायला बसल्या विजयाताई, निवृत्त परिचारिका, साठीच्या घरातल्या. त्या काय बोलल्या हे मी तुला सांगणार नाही. गोपनीयता हा या पंथाचा पहिला यमनियम आहे. मी काय बोललो ते मात्र माझे आहे आणि दुर्दैवाने सांगता येते. वीस मिनिटांत मी अकरा विनोद केले. त्यांपैकी नवांना त्या हसल्या. खालून दात कोरण्याच्या यंत्राचा घरघराट येत असताना हे प्रमाण मला अत्यंत समाधानकारक वाटले, आणि तसे मी समासात नोंदवलेही. तिसरा रकाना कोरा सोडला. आत काही विशेष चालले नव्हते. शनिवारी कागद परत आला. मॅडमनी लाल शाई वापरली नव्हती, पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढेच लिहिले होते: ‘प्रत्येक हसण्यानंतर त्या कुठे गेल्या? पुन्हा ऐका.’

काल पुन्हा ऐकले. नऊ वेळा त्या हसल्या, आणि नऊही वेळा हसून झाल्यावर आधीचे बोलणे सोडून दुसरेच काही बोलू लागल्या. हवा, भाज्या, वर्गातला पंखा. एक गोष्ट त्यांनी तीनदा सुरू केली होती, तीनही वेळा त्याच चार शब्दांनी, आणि तीनही वेळा मी त्या वाक्याच्या वाटेत माझी पालखी आडवी घातली होती. आवाजही उतरवायचे असतात म्हणून मी लिहीत गेलो: (हसतात, पाच सेकंद). (पर्सची चेन उघडतात, लावतात). (हसतात, तीन सेकंद). (पर्सची चेन). तिसऱ्यांदा ‘चेन’ लिहिताना माझा हात थांबला, सुलू. हा आवाज मी आधी ऐकलेला होता, आणि तो पर्सचा नव्हता.

तुला नानाखेड्याचा बसस्टँड आठवत असेल. सात वर्षांपूर्वीचा वैशाख. तू पंधरा दिवसांकरता आली होतीस आणि मी तुला भोपाळच्या बसवर सोडायला आलो होतो. आदल्या दिवशी आपण भैरवगढला जाऊन ठशांच्या छपाईच्या दोन चादरी आणल्या होत्या, एक तुला, एक आम्हाला, दोन्ही सारख्या, लाल वेलीच्या. तुझी चादर बॅगेत कोंबल्यामुळे चेन अर्ध्यावर अडकली होती. तू बाकावर बसून ती मागेपुढे ओढत होतीस. वर पाहिले नाहीस. चेनीकडे पाहतच म्हणालीस, “दादा, मी इथेच राहिले तर?”

मी म्हणालो, “राहा की. महाकालाच्या रांगेत उभी राहा. तुझा नंबर येईपर्यंत चातुर्मास सरेल, जेवण भंडाऱ्यात.” शेजारी बसलेली एक बाई हसली. तूही हसलीस. मग मी तुझ्या हातून बॅग घेतली, खिशातल्या पेन्सिलीचे शिसे चेनीच्या दातांवर घासले आणि ती लावून दाखवली. मोठ्या अभिमानाने, हे तुला आठवत असेलच. कंडक्टर “भोपाल, भोपाल, चलो दीदी” म्हणत आला आणि तू चढलीस. खिडकीतून हात केलास. घरी येऊन मी मंगलाला सांगितले, की चेन दुरुस्त करून दिली.

त्यानंतर तू राहायला आली नाहीस. सकाळी येतेस, संध्याकाळच्या बसने जातेस. बाबा गेले तेव्हा राहावे लागले, तरी तेराव्याच्या संध्याकाळीच निघालीस. राखी कुरियरने येते. मी याची कारणे फार विद्वत्तापूर्ण रीतीने लावत आलो: वाढते वय, प्रकाशरावांची बदली, दळणवळणाची साधने. आणि एक गोष्ट, जी लिहिताना मला पहिल्यांदाच लाज वाटते आहे. तो बसस्टँडचा किस्सा मी पुढे सांगत सुटलो. चुलत पुतणीच्या लग्नात, पंगतीत, तुझ्यादेखत आणि प्रकाशरावांच्याही देखत. ‘सुलू तर परत जायलाच तयार नव्हती’ अशी सुरुवात, ‘चातुर्मास’ हा शेवट. पंगत हसली. तू वाढायचे भांडे हातात घेऊन उभी होतीस, तूही हसलीस. प्रकाशराव हसले की नाही, ते मी पाहिले नाही. गोष्ट रंगात आली की मी माणसांकडे पाहत नाही, हे मला आता कळते आहे.

तर काल संध्याकाळी मी विजयाताईंचा कागद बाजूला ठेवला आणि एक कोरा कागद घेतला. पहिल्या रकान्यात तुझे वाक्य लिहिले. दुसऱ्यात माझे. दोन्ही लिहायला एक मिनिटही लागले नाही, इतके ते जसेच्या तसे होते. तिसऱ्या रकान्यासाठी मात्र बसून राहिलो. मंगला दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा चहा ठेवून काही न बोलता गेली, त्यावरून माझी मुद्रा कशी असेल ती कल्पना कर. शेवटी जे लिहिले ते इथे उतरवतो. मला ऐकू आले नव्हते असे नाही. मला पूर्ण ऐकू आले होते. त्या पाच शब्दांच्या मागे आणखी काही आहे हेही कळले होते, आणि ते पुढे आले तर मला काहीतरी करावे लागेल, याची भीती वाटली. बाबा आजारी होते. प्रकाशराव सज्जन आहेत असे मीच सगळ्यांना सांगून लग्न जमवले होते. तू आणखी एक वाक्य बोललीस तर मला बस सोडून द्यावी लागेल, तुला घेऊन घरी यावे लागेल, आणि घरी आल्यावर काय बोलायचे ते मला येत नव्हते. मला फक्त मायना येतो. म्हणून मी तुला हसवले. तू हसलीस, कारण तू शहाणी आहेस आणि दादा घाबरला आहे हे तुला माझ्याआधी कळले होते.

हे दीड बोटात मावले नाही. कागदाच्या पाठीवर गेले.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या रविवारी वर्गावरून घरी पोचलो तोच तुझा फोन आला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तू म्हणालीस, “दादा, या उन्हाळ्यात थोडे दिवस येऊ का?” सात वर्षांनी. आणि नऊ महिने ऐकण्याचे शिक्षण घेतलेला तुझा भाऊ म्हणाला, “ये की, सिंहस्थाच्या तयारीत सगळे गाव खणून ठेवले आहे, तुझ्यासाठी एक खड्डा राखून ठेवतो.” तू हसलीस. मग “बरं, बघू” म्हणून फोन ठेवलास. काल टेप ऐकेपर्यंत मला यात काही वावगे वाटले नव्हते. सुलू, मला तुझा समुपदेशक व्हायचे नाही. सख्ख्या नात्यात ते या शास्त्रास निषिद्ध आहे, आणि ठीकच आहे. ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे मी विचारणार नाही. का, हेही विचारणार नाही. तुझ्या त्या वाक्यामागे तेव्हा काही होते की नुसता वैशाखाचा कंटाळा होता, हे मला ठाऊक नाही. सांगावेसे वाटले तर सांग, न सांगता नुसती राहिलीस तरी चालेल. मागची खोली मंगलाने आज सकाळीच झाडली. मी तिला काही सांगितले नव्हते. तो कागद टेबलावर उघडा राहिला होता. ती एवढेच म्हणाली, “येऊ दे तिला. आणि तुम्ही जरा कमी बोला.” ये. मी नानाखेड्यावर उभा असेन आणि बॅग घेईन. ती उघडी असली तरी चालेल.

तुझाच,
दादा

ता. क. – भैरवगढची आमची चादर ‘चांगली आहे, ठेवू’ म्हणून सात वर्षे कपाटात होती, ती या होळीस प्रथम बाहेर काढली. तीन धुण्यांत माझे दोन पांढरे सदरे गुलाबी झाले. मंगलाचे म्हणणे, तो चादरीचा रंग नव्हे, रंगपंचमीचा आहे, मीच नीट झटकून आलो नाही. चादर विकणारा म्हणतो, “नमक के पानी में भिगोई थी क्या?” कोणीही कबूल होत नाही आणि मी कॉलेजात गुलाबी सदऱ्याने संस्कृत शिकवतो आहे. बाकी कशाचे उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नकोस, पण एवढे अवश्य कळव: तुझ्या चादरीचा रंग जातो का?