पेन्सिलीची रेघ

रविवार, संध्याकाळ

बाबांना काय बोलून बसलो आज!

घरात लावायचा नवा कॅमेरा वायफायला जोडलाच जात नव्हता. बाबा दोनदा म्हणाले, "अरे, वायफायचं ते दुसरं नाव घेऊन बघ, ज्याच्यापुढे फाइव्ह जी नाही." मी तडकलो. "फाइव्ह जीच फास्ट असतं, बाबा. तुम्हाला काय कळतं यातलं?" तेही त्यांच्या सुनेसमोर. ते काठी घेऊन शिवाजी पार्कात निघून गेले.

मग माहितीपत्रक उघडलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ, पट्टी लावून मारलेली. कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, फाइव्ह जीवर नाही. जन्मभर ऑफिसात फायली अशाच वाचल्या त्यांनी. दुसरं नाव घेतलं, लगेच जोडला गेला.

ते आल्यावर माफी मागायची होती. तोंडातून निघालं फक्त, "झालं."

"छान. आता ऑफिसातून दिसेन ना मी तुला?"

कॅमेरा चोरांसाठी आहे म्हणून मी त्यांना सांगितलं होतं. खरं तर गेल्या महिन्यात ते घरात पडले, तेव्हापासून त्यांच्यावरच लक्ष ठेवायचं होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती रेघ त्यांनी पट्टी लावून मारली. माझं काम अडू नये म्हणून.