दोन सारख्या खोल्या

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय म्हणून चिडू नकोस. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरतो. म्हणून म्हटलं, लिहूनच कळवावं.

तर निकाल असा आहे. बिट्टी तिच्या आईकडे राहणार. शुक्रवार आणि शनिवार माझ्याकडे रात्रीच्या मुक्कामाला, रविवारी संध्याकाळी परत. ही व्यवस्था सध्या उन्हाळ्यापर्यंतच. त्यानंतर कोर्टातल्या समुपदेशक बाई अहवाल देतील आणि मुक्काम चालू ठेवायचा की नुसतं दिवसा भेटायचं ते ठरेल. दिवसा भेटणं म्हणजे काय ते मला नीटसं कळत नाही. सहा वर्षांच्या मुलीला बागेत घेऊन बसायचं आणि घड्याळ बघायचं, असंच असणार.

बाई फार भल्या आहेत. त्या म्हणाल्या, मुलीला दोन्ही घरं सारखीच वाटली पाहिजेत. आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी फर्निचर करणारा माणूस, सारखं म्हटलं की माझा हात आधी टेपकडे जातो. मी सरळ तिच्या आईला, आपल्या चष्मेवालीला, फोन केला आणि बिट्टीच्या खोलीची मापं घ्यायला गेलो. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं. ताई, खोटं वाटेल, पण गेल्या दोन वर्षांत आम्ही दोघांनी इतका वेळ न भांडता काढलेला नाही.

पलंग तसाच केलाय, उशाकडच्या फळीवरची नक्षीसुद्धा. भिंतीच्या रंगाचा कपचा दुकानात नेऊन तंतोतंत रंग बनवून आणला. दिवा तोच. दार तेवढं जमलं नाही. तिकडे पलंगाच्या डाव्या हाताला आहे, माझ्याकडे उजव्या. भिंत फोडतो म्हटल्यावर घरमालक माझ्याकडे असा बघत राहिला की मी विषयच बदलला. पण दाराकडे कोण बघतंय?

पडद्याचं काम तुझ्याकडे. तिकडचा पडदा तूच शिवला होतास, त्या ताग्यातलं कापड उरलं असेल तर पाठव.

तुझा लोभ आहेच, शिलाईचे पैसे मात्र देणार नाही.
तुझा,
धाकटा

---

२ मार्च

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वर काय लिहावं यावर माझा चहा गार झाला. इतकी वर्षं तुला 'चि. सौ.' लिहीत आले. ते 'सौ.' आता लिहावं की नाही, तुला बरं वाटेल की टोचेल, काही कळेना. शेवटी 'मुली' लिहिलं. त्याला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही.

पडदा धाकट्याला पोचला. कापड त्याच ताग्यातलं निघालं, शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्याखाली दडलं होतं. बिट्टी आता दोन-तीनदा तिकडे राहून आली असेल. कशी आहे ती? धाकट्याला विचारलं की तो मला पलंगाच्या सांध्यांबद्दल सांगतो. मुलगी झोपते का, जेवते का, हे तुझ्याकडूनच कळेल. तुमच्या भांडणात मी न्यायाधीश नाही. मी फक्त आत्या आहे आणि आत्याला पोरीची खबर हवी.

तब्येतीला जप. दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस, स्वतःचे कधी मिटतेस तेही कळव.
तुझी,
ताई

---

११ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

'मुली' वाचून क्लिनिकमध्येच डोळे भरून आले. समोर बसलेल्या आजोबांना वाटलं त्यांच्या नंबराचं काहीतरी वाईट निघालं. त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

ताई, मी तुम्हाला गोड बातमी देणार नाही. बिट्टी मागच्या रविवारी परत आली ती कपाळावर टेंगूळ घेऊन. काय झालं विचारलं तर म्हणाली, भिंत लागली. कशी लागली, कधी लागली, काही सांगत नाही. तुमच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला पलंगावरून पडली असेल, पलंगाची उंची कमी करतो. असेल म्हणजे काय? त्याच्या घरात झोपलेली मुलगी कशी पडली हे त्याला माहीत नको? वकील म्हणतात, हे नोंदवा आणि रात्रीचा मुक्काम बंद करायचा अर्ज देऊन टाका. कागद टाइप होऊन तयार आहे. सही बाकी आहे.

सही का करत नाही ते फक्त तुम्हाला सांगते. परवा माझ्याकडेही तसंच झालं. पहाटे धप्प आवाज आला, जाऊन बघते तर ही भिंतीला टेकून उभी. मोठ्याने रडतही नव्हती. मी तिचे डोळे नीट तपासले, औषध घालून, दोनदा. नजर अगदी स्वच्छ आहे. मग मला वाटलं तिकडे तिला कुणी घाबरवलं असेल. मग वाटलं, तुमचा भाऊ कसाही असला तरी तसं करणार नाही. मग वाटलं, मीच कुठेतरी चुकतेय. रोज वेगळं काहीतरी वाटतं आणि डोकं नुसतं भणभणतं.

माझ्याकडे घडलं हे त्याला कळवू नका. त्याचा वकील ते माझ्यावरच उलटवेल.

तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.
तुमची,
चष्मेवाली (हे नाव तुमच्याच घरानं ठेवलं, आता परत घेऊ नका)

---

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि चष्मेवालीला यातलं काही बोलू नकोस.

बिट्टी माझ्याकडे रात्री उठून भिंतीपाशी जाते. गेल्या शनिवारी मी पाहिलं. दोन्ही तळहात भिंतीवर ठेवून उभी होती आणि गुपचूप रडत होती. मी जवळ घेतलं तर मला घट्ट बिलगली, म्हणजे माझी भीती वाटत नसावी. पण मग रडते का? तिला इथून जायचंय, भिंतीतून निघून जायचंय, दुसरं काय असणार? पलंग कमी उंचीचा केला. कोपऱ्यांना रबर लावलं. दिवसा ती अगदी मजेत असते, कारखान्यात भुशाचे डोंगर करते, माझ्या कामगारांना कामं सांगते. रात्र झाली की गप्प होते.

ताई, मी मुक्काम सोडावा असं ठरवत आलोय. मी स्वतःच कोर्टात सांगेन की दिवसा भेट चालेल. तिला रडवून माझा हक्क सांभाळायचा, हे मला जमणार नाही. एवढी हुबेहूब खोली केली आणि पोर त्यातच रडते. माझं कुठे चुकलं तेच कळत नाही, आणि कळत नाही म्हणून जास्त त्रास होतो.

कोर्टाच्या तारखेआधी तुझं मत कळव.
धाकटा

---

२३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

कुठलाही कागद लिहायचा नाही, कुठेही सही करायची नाही. तुझं लहानपणापासून हेच आहे. खेळात हरतोयस असं वाटलं की पट उधळायचा आणि वर मोठेपणा घ्यायचा.

मला काय झालंय ते माहीत नाही, हे आधी कबूल करते. मला वाटलं माझा पडदा फार जाड झाला आणि खोलीत अंधार होतो. म्हणून पातळ कापड बघून ठेवलं होतं. तेही कारण नसावं. पण या शुक्रवारी बिट्टीला माझ्याकडे आणून सोड. तिच्या आईशी मी बोलते. माझ्याकडे कशी झोपते ते बघू. खोली म्हणशील तर माझ्याकडे नाहीच, शिलाईच्या मशीनमागे गाद्या घालीन.

जेवत जा.
तुझी,
ताई

---

३० मार्च

चि. धाकटा आणि चि. चष्मेवाली,
दोघांना अनेक आशीर्वाद.

हे एकच पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्द न शब्द तोच. तुम्ही दोघांनीही मला एकमेकांपासून लपवायला म्हणून सारखीच गोष्ट सांगितलीत. ती लपवून लपवून माझ्या पोटात दुखायला लागलं. तर ऐका. बिट्टी दोन्ही घरी रात्री उठते आणि दोन्ही घरी भिंतीवर आपटते. आता एकमेकांवर रागवायचं असेल तर एकदाच रागावून घ्या आणि मग पुढचं वाचा.

माझ्याकडे ती गणवेशांच्या गठ्ठ्यांमध्ये झोपली आणि सकाळपर्यंत हलली नाही. मी तिला काही विचारलं नव्हतं. बटणं निवडता निवडता ती आपणहून म्हणाली की आत्याकडे बरं आहे, इथे डोळे उघडल्यावर विचार करावा लागत नाही. कसला विचार म्हटलं, तर म्हणाली की कुठलं घर आहे त्याचा.

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं, शाळेतल्या बाईंसारखं हातवारे करत. जाग आली की ती आधी पडून बघते. पडदा सांगत नाही, दिवा सांगत नाही, पलंगही सांगत नाही. म्हणून ती उठून दार शोधते. डाव्या हाताला दार लागलं तर आईचं घर, भिंत लागली तर बाबाचं. अंधारात कधी हात आधी पोचतो, कधी डोकं. अर्धवट झोपेत कधी डावं-उजवंच उलटं होतं आणि मग तर काहीच कळत नाही.

मी म्हटलं, अगं, एवढं कशाला, हाक मारायची. तर म्हणाली, कुणाला मारू? बाबाकडे आई म्हटलं तर बाबाला वाईट वाटेल, आईकडे बाबा म्हटलं तर आईला. म्हणून आधी घर बघून घेते.

बटणं सांडली ती तिनेच गोळा केली.

त्या समुपदेशक बाईंना काय म्हणायचं होतं आणि आपण काय केलं ते तुमचं तुम्ही बघा. धाकट्याने टेप आणला, चष्मेवालीने टोक धरलं, मी पडदा शिवला. तिघांनी मिळून पोरीला चक्रावून टाकलं. आता ते निस्तरायचं कसं ते मला विचारू नका. बिट्टीला विचारा.

दोघांवरचा लोभ एकाच मापाचा आहे, त्यात तरी संशय नको.
तुमची,
ताई

---

१० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी त्या खोलीतच बसून वाचलं. इतकं नीट काम मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला करून दिलं नव्हतं गं.

शुक्रवारी बिट्टीला म्हटलं, ही खोली तुझ्या मनासारखी करू, सांग. मला वाटलं रंग सांगेल. तिने आधी पलंगच हलवायला लावला, तो तिरका. तिरका म्हणजे कुठल्याच भिंतीला समांतर नाही. तरी केला. मग पडदा काढायला लावला आणि तिथे माझा कारखान्यातला जुना सदरा टांगला, कारण त्याला भुशाचा वास येतो आणि अंधारात वास दिसतो, असं तिचं म्हणणं. सारखं करायचं असेल तर मला मोजता येतं. वेगळं किती करायचं, पुरे कधी म्हणायचं, याचं माप कुठून आणू? मी नुसता ती सांगेल तसं करत गेलो.

रात्री तिने हाक मारली. बाबा म्हणून, जागेवरूनच, चांगली खणखणीत. पाणी हवं होतं. मी इतका गडबडलो की टॉवेल घेऊन गेलो. ती हसली आणि मला परत पाठवलं.

तारखेला मी काही सोडणार नाही असं ठरवलंय. चष्मेवाली काय करणार ते माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही. तू विचारशील का?

तुझा,
धाकटा

---

२२ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, अर्ज मी फाडला. वकील नाराज झाले. ते म्हणाले, टेंगूळ हा भक्कम मुद्दा होता. मी म्हटलं, दुसरं टेंगूळ माझ्याकडचं आहे, तेही लिहून घ्या. समुपदेशक बाईंनाही मी सगळं सांगितलं, दोन्ही टेंगळांसकट. मुक्काम राहू दे म्हणून माझी सही दिली आहे. निर्णय चांगला की वाईट, मला अजून सांगता येत नाही. शुक्रवारी तिची पिशवी भरताना अजूनही हात जड होतो, आणि ती दारातून पळत गेली की राग येतो, आणि रागाचा राग येतो. हे तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

काल रात्रीचं मात्र कळवायलाच हवं. बिट्टीला माझ्याकडे जाग आली. डोळे मिटलेलेच असणार. तिने हाक मारली, बाबा. मी माझ्या पलंगावर उठून बसले. वाटलं, आता तिला चूक कळेल, ती गप्प होईल आणि पुन्हा उठून भिंत शोधायला जाईल. पण ती नाही गप्प झाली. तिने पुन्हा तशीच हाक मारली, बाबा, अगदी बिनधास्त.

मला आधी वाईटच वाटलं ताई, ते तुमच्यापासून लपवत नाही. मग मी ओ दिली.

तुमच्या मायेची मला सवय झाली आहे, ती मोडू नका.
तुमची,
चष्मेवाली