तेलाचा कसूर

अण्णा, तुम्ही पंधरा दिवस तोंडाला करडईचं तेल चोळून दुकानात बसला होता, ही गोष्ट आज मी एका मुलीला सांगितली. मुदखेडहून आली होती, बारावीची. तोंडाला बांधलेला स्कार्फ तपासायच्या खोलीतही सोडायला तयार नव्हती. तुमची गोष्ट ऐकून इतकी हसली, की डोळे पुसायला तिनं तो स्वतःच काढला. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी नांदेडातल्या माझ्या दवाखान्यात तुम्ही अजून कामाला येता. म्हणून दुपारी पेशंट संपल्यावर चहा आणि कागद घेऊन बसले आहे.

तिच्या वयात माझं तोंड कसं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कपाळ, गाल, हनुवटी, बोट ठेवायला मोकळी जागा नव्हती. औशात आपलं दुकान रस्त्याला लागून. पुढे तेलाचे डबे आणि मापं, मागे विजेवर फिरणारा लाकडी घाणा. त्या वासातच मी वाढले. लोक तेल न्यायचे, शेतकरी बैलांसाठी पेंड न्यायचे, आणि जाता जाता माझ्याकडे बघून एखादं औषध सांगून जायचे. कुणी लिंबू, कुणी हळद, कुणी टूथपेस्ट. शेजारच्या एका बाईंनी तर आईला तोंडावरच ऐकवलं, "तेलाच्या घरातली पोर हाय, तेल कुठनं तरी निघणारच की." तेव्हा मी अकरावीला होते, रोज बसनं लातूरला जात होते. एके दिवशी वर्गात माझ्या शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिचं कारण वेगळंही असेल. पण मी घरी आले ती पेटूनच. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी तुमच्यावर ओरडले, "तुमच्या तेलानंच माझं तोंड असं झालंय. मी उद्यापासून कॉलेजला जाणार नाही!" कुणीतरी हसलं. तुम्ही माप हातात धरून तसेच उभे राहिलात. मग आत गेलात आणि घाण्याचं बटण बंद केलंत. भर बाजाराच्या दिवशी आपल्या घरात इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला सांगितलंत, "आजपासून सैपाकात तेल न्हाई. बघू काय होतंय ते." आई म्हणाली, "आवं, फोडणीबिगर वरण कसं उतरंल घशाखाली?" त्यावर तुम्ही म्हणालात, "पोरीचं तोंड मोठं का तुझी फोडणी?" मग काय, ज्या घरातून अर्धं औसा तेल नेत होतं त्या घरात मोहरी तडतडायची थांबली. उकडलेली भाजी, कोरडी भाकरी, वर मीठ. तुम्ही ताटावर मान खाली घालून जेवता, पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवता, आणि मी समोर बसून ते बघते आहे. मनातून मला लाज वाटत होती, पण सोळाव्या वर्षी माणूस लाज वाटली की जास्तच फुगून बसतं. मी कॉलेजला गेले नाही. एक आठवडा गेला, दुसराही गेला. पुटकुळ्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या.

आणि मग तुमचा तो प्रयोग. सकाळी अंघोळ करून, वाटीत करडईचं तेल घेऊन तुम्ही कपाळापासून हनुवटीपर्यंत चोळायला लागलात. आईनं विचारलं, "ह्ये काय नवीन?" "तेलानं पुटकुळ्या येत असतील तर मला बी येऊ द्या की. कळंल तरी." तुम्ही तसेच चकचकीत चेहऱ्यानं दुकानात बसायचात. उन्हात तुमचं कपाळ पितळी तांब्यासारखं चमकायचं. लोक विचारायचे, "शेट, तोंडाला काय लावलंव?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "तपास चालू हाय." पंधराव्या दिवशी आरसा घेऊन माझ्या खोलीत आलात. "बघ बाई, एक तरी पुटकुळी दाव." मला हसू आवरेना. "अण्णा, तुमचं वय पन्नास आहे!" तुम्ही आरसा खाली ठेवलात. "मग हा तपास आपल्याच्यानं व्हायचा न्हाई. चल उद्या लातूरला. शिकलेल्या माणसाला दावू."

लातूरच्या त्या डॉक्टरीणबाई मला अजून जशाच्या तशा दिसतात. बारीक अंगाच्या, नाकावर घसरणारा चष्मा. तुम्ही बसायच्या आधीच पिशवीतून तेलाची बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवलीत.

"हे काय?"

"तेल हाय, बाई. आमच्या घाण्याचं. पोरीचा ह्येच्यावर आरोप हाय. तपासून सांगा."

"खाता की लावता?"

"पोरगी खायची, आता बंद हाय. मी लावून बघितलं."

त्यांनी चष्मा काढला आणि मनसोक्त हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू काय काय लावतेस?" माझ्या पर्समधून एकेक ऐवज बाहेर आला. लिंबाची फोड, टूथपेस्ट, आणि वर्गातल्या मैत्रिणीनं दिलेली गोरेपणाची ट्यूब. ती ट्यूब तुम्ही पहिल्यांदाच बघत होता. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. "मोठा गुन्हेगार हा आहे. यात स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा उजळतो आणि मग असा बिघडतो. लिंबानं कातडी भाजते, टूथपेस्ट दातांसाठी असते." मग त्यांनी माझी चपचपीत वेणी हातात घेतली, कपाळावरून बोट फिरवलं आणि ते बोट तुम्हाला दाखवलं. त्यावर तेल चमकत होतं. त्या म्हणाल्या, "या वयात कातडीच्या आतल्या ग्रंथी स्वतःचंच तेल जास्त करतात. त्यात कुणाचा दोष नाही. खाल्लेलं तेल पोटात पचतं, ते उठून गालावर येत नाही. डोक्यावरचं तेल मात्र कपाळावर उतरतं आणि बारीक छिद्रं बुजवतं. खाण्यात काही कमी करायचंच असेल तर बिस्किटं, मिठाई, ते गोड सरबत कमी करा. रोजचं तळण नको, ते कुणालाच नको. पण वरणाची फोडणी कशाला बंद केली?"

तुम्ही खुर्चीच्या अगदी काठावर आला होता. "म्हंजी बाई, घाण्याचा काही कसूर न्हाई?"

"घाण्याचा नाही. वेणीचा थोडा आहे."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "बेकसूर सुटलो, बाई!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बसस्टँडवर तुम्ही गरम भज्यांची पुडी घेतलीत. मी म्हटलं, "अण्णा, तळण नको म्हणाल्यात त्या." तुम्ही तोंडात भजं कोंबत म्हणालात, "रोज नको म्हणल्या. आज नको असं कुटं म्हणल्या?" आणि संध्याकाळी आईनं भुरका केला. तिखटावर आणि शेंगदाण्याच्या कुटावर कडकडीत तेल पडलं, घरभर ठसका उठला. तिघंही खोकत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही भाकरीमागून भाकरी मागत होता. इतकं आनंदाचं जेवण आपल्या घरात लग्नाकार्यातही झालं नसेल.

ट्यूब बंद केल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आणखी लाल झाला. डॉक्टरीणबाईंनी लावायला जेल देतानाच तसं बजावलं होतं, तरी मी रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही रोज सकाळी दाराबाहेरून विचारायचात, "लावलं का जेल? धुतलं का तोंड? घासू नको, नुसतं धू." बाजारातून माझ्यासाठी सहा पांढरे नॅपकिन आणलेत, निळ्या काठाचे. "तोंड पुसायला रोज येगळा. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई, मी बी न्हाई." मला आजवर दागिने मिळाले, साड्या मिळाल्या, पण त्या सहा नॅपकिनांइतकी मानाची वस्तू मला कुणी दिली नाही. मी तुमची माफी मागितली नाही. कॉलेजला परत जायच्या आदल्या दिवशी दुकानात येऊन तुमच्या शेजारी बसले, तोंड उघडं ठेवून, गिऱ्हाइकांसमोर. तुम्ही माझी खुर्ची थोडी पुढे ओढलीत.

चार महिन्यांनी गाल निवळले. तुम्ही मात्र त्याआधीच अर्धे डॉक्टर झाला होता. तेल मोजून देता देता बायाबापड्यांना सांगायचात, "खायला न्या, खुशाल न्या. पण पोरींच्या डोक्याला कमी लावा, येणी घातली की कपाळ पुसा. आन ट्यूबवरची अक्षरं वाचल्याबिगर तोंडाला काई लावू देऊ नका." आपल्याच मालाचा खप कमी करणारा असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. मी त्वचेचीच डॉक्टर व्हायचं कधी ठरवलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण तुम्ही ते माझ्याआधी ठरवलं होतंत असा मला संशय आहे.

आज माझ्या खोलीत रोज कुणीतरी विचारतं, "मॅडम, तेलकट खाल्ल्यानं येतात का?" मी जे खरं आहे ते सांगते. गोडाधोडानं आणि काहींना दुधानं वाढतात असं दिसतं; फोडणीला दोष द्यायला पुरावा तोकडा आहे; जवसाची चटणी आवडत असेल तर जरूर खा, पण ती औषध समजून नको. चेहरा दोनदा धुवा, घासू नका, फोडू नका. मग पोरीबरोबर आलेला बाप किंवा आई सुस्कारा सोडते, आणि त्या सुस्काऱ्यात मला तुम्ही ऐकू येता.

हा कागद कुठल्या पत्त्यावर पाठवणार? घडी करून टेबलाच्या खणात ठेवेन. पण एक सांगून टाकते, अण्णा. आज सकाळी माझ्या हनुवटीवर एक पुटकुळी आली. या वयात, मोठी, लाल, दुखरी. ती का आली ते मला माहीत नाही. सकाळपासून पेशंटना मी ठामपणे कारणं सांगितली, आणि स्वतःच्या तोंडावरच्या एकीचं कारण मला सांगता आलं नाही. तरी निघताना आरशासमोर मी हसत उभी होते, आणि तिच्यावर काहीही न लावता तशीच दवाखान्यात आले.