काच काढली तरी

सोमवार, ३ तारीख
अखेर स्वतःचं घर. भाड्याचं असलं म्हणून काय झालं, कुलूप माझं आहे. तीन वर्षं ताईकडे राहिले. ताई कधी वावगं बोलली नाही, पण पाहुण्याला आपल्या मनाने चहासुद्धा गोड करता येत नाही. आज मी तीन चमचे साखर घातली.

माझी लेक, वय सहा, दिवसभर वळवळत असते म्हणून तिचं नाव मुंगी. तिला स्वतंत्र खोली कबूल केली होती, ती मिळाली. खोलीला एक मोठी खिडकी आहे, पण बाहेरून फळ्या ठोकलेल्या. शेजारच्या सुतारकाकांनीच त्या ठोकल्या होत्या. म्हणाले, पाखरं फार आपटायची, आधीचे भाडेकरू वैतागून गेले. मला हसू आलं. वीस वर्षं काचा बसवतेय मी. काचवालीची लेक फळ्यांच्या अंधारात वाढली तर लोक तोंडात शेण घालतील. फळ्या उचकटल्या, नवी काच बसवली, कडेच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. कुणी धडकू नये म्हणून नव्या काचेवर खडूची फुली मारतात, तीही पुसून टाकली. मुंगी आभाळाकडे बघत बसली ती जेवायला उठेना.

बुधवार, ५
सकाळी दोन चिमण्या, दुपारी एक पारवा. पारवा सावरून उडाला, चिमण्या गेल्या. चूक माझीच. लख्ख काचेत आभाळच दिसतं, पाखराला काय कळणार? काचभर खडूच्या फुल्या मारल्या. मुंगीने चिमण्या कुंडीत पुरल्या आणि मला जाब विचारला. ताईचा फोन आला, तिला सगळं छान आहे म्हणून सांगितलं. नाहीतर ती लगेच परत ये म्हणाली असती, आणि मला जायचं नाहीये.

शुक्रवार, ७
आज नऊ. फुल्यांचा उपयोग शून्य. पाखरू आपटलं की काचेवर पिसांच्या भुकटीचा ठसा उमटतो. बाहेर जाऊन पाहिलं, तर सगळे ठसे एकाच जागी, माझ्या डोक्याच्या जरा वर. बाकीची काच कोरी. चुकून धडकणारं पाखरू असा नेम धरत नाही. कावळे घुबडाला टोचायला जातात तशी ही येतात, ओरडत, नखं पुढे करून.

सुतारकाका फळ्या घेऊन आले. त्यांना परत पाठवलं. काचेतच काही खोट असेल, ती मी काढते, असं सांगितलं. माझ्या कामातली खोट मीच निस्तरणार.

शनिवार, ८
काच उतरवली. चौकट मोकळी. छान वारा येत होता. मग एक चिमणी आली आणि चौकटीच्या मधोमध हवेत आपटली. टप्प. तोच आवाज. खाली पडली. मुंगीनेही पाहिलं.

"आई, काच तर काढलीस," ती म्हणाली. "मग ती कुणाला आपटली?"

मी हात पुढे केला. काहीतरी कोमट लागलं. हलत होतं, श्वास घेतल्यासारखं.

घाबरले, लिहून टाकते. पण घर सोडणार नाही.

रविवार, ९
पाखरं आता आत शिरून आपटतात. सकाळी मुंगीच्या पलंगाच्या पायथ्याशी. दुपारी उशाशी. काच होती तोवर ते चौकटीतच अडलेलं होतं. मीच त्याला वाट — वीस वर्षांचा अनुभव म्हणे.

मान खाली घालून मुंगीला ताईकडे सोडून आले. इथे मी थांबणार. बघू कोण निघतं.

सोमवार, १०
एकही पाखरू नाही. खोलीभर हात फिरवला, काही नाही. गेलं. जिंकले मी —

दुपारी. ताईचा फोन. तिच्या खिडकीवर कावळे आपटताहेत. मुंगी जेवत नाही, पाठीमागे कुणीतरी उभं आहे म्हणते.

त्याला घर नकोच होतं. त्याला —

हातोडा घेतला. निघाले.

ताईकडे. चार वाजले
सगळ्या खिडक्या उघडल्या. ताई नको म्हणत होती. येऊ देत पाखरं, तेवढीच माझ्या बाजूची. मुंगीच्या खुर्चीमागे, हवेत — टप्प. टप्प. तिथेच आहे.

पाखरू लागतं त्याला हातोडाही लागणार.

लागला. ओल्या लाकडावर बसावा तसा. ताईने मुंगीला ओढून बाहेर नेलं, दार लावलं. मी आत. डाव्या हाताने लिहितेय, उजव्यात हातोडा. मुंगीला कधीतरी कळावं म्हणून —

पाखरं वळली. आता माझ्यासमोर आपटताहेत. हातभरावर.

वीतभर.

ये. तिच्याकडे नाही, इकडे. मी काचेची नाहीये, ये, बघू तुझी हि