बाबांचं वाक्य आणि माझं धन्यवाद

सिंदी मेघे, वर्धा

तीर्थस्वरूप बापूमामांस,

रजतचा कमरेत वाकून नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचं ब्लडप्रेशर विचारत नाही, कारण परवा फोनवर ते मला ऐकू आलं. समीक्षाच्या लग्नाला येणार नाही म्हणालात आणि फोन ठेवलात. (आपटलात. पण तुम्ही वडीलधारे, म्हणून ठेवलात.)

मामा, तुमचा गैरसमज झाला आहे आणि तो मी या एका पत्रात दूर करणार आहे. आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण घरी जाऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊन करायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण इतकी गावं हिंडायला वेळ कोणाला? म्हणून मी बहिणीच्या लग्नाची वेबसाइटच केली. तिच्यात बाबांचा व्हिडिओ बसवला. खुर्चीत बाबा, डोक्यावर नवी टोपी, एकेकाचं नाव घेऊन हात जोडतात. (टोपीवर किमतीची चिठ्ठी दिसते. काढा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, नवी हाये हे लोकायले कसं समजन?")

पहिला घोळ समुद्रपूरच्या कौशल्याआत्याकडे झाला. व्हिडिओ ठेवला होता फुकटच्या ठिकाणी. तिथे आपला व्हिडिओ संपला की दुसऱ्या कोणाचा तरी आपोआप सुरू होतो. बाबांनी शेवटचा नमस्कार केला आणि मागोमाग ट्रॅक्टर आला. आत्याचा लगेच फोन, "काऊन रे, नवरदेवाले ट्रॅक्टर देऊन राह्यले आन् मले सांगतलं नाई?" मी तासभर समजावलं. (आता तिला ट्रॅक्टरचा रंग तेवढा पसंत नाही.)

यावर मी तोडगा काढला. व्हिडिओ जेवढा लांब तेवढा वेळ मोजायचा आणि तो भरला की फुलांच्या चौकटीत 'धन्यवाद, आमंत्रण पोहोचले' झळकवायचं, असा कोड लिहिला. माझ्या घरी चोख चालला. पण तिकडे जाम गावच्या चौकात, तुमच्या टायरच्या दुकानात, नेटवर्क म्हणजे चढावरची बैलगाडी. व्हिडिओ अडत अडत चालला, माझं घड्याळ मात्र कोणासाठी थांबलं नाही. आता मानाचं नाव शेवटी घ्यायचं म्हणून बाबांनी तुमचं नाव राखून ठेवलेलं. ते म्हणाले, "आन् ज्यायच्याबिगर हे लगन होऊच शकत नाई, ते..." आणि आलं धन्यवाद. तुम्ही पुन्हा लावलं, पुन्हा धन्यवाद. मग गिऱ्हाइकांनाही दाखवलंत, हे तुम्हीच फोनवर सांगितलं. "भाऊजीच्या तोंडात माहं नावच येत नाई," हे तुमचं म्हणणं दिसायला खरं होतं, पण दोष नेटवर्कचा. कोड माझा असल्यामुळे त्यात चूक निघणं कठीण.

तरी मी तो बदलला. आता घड्याळ नाही, काही नाही. व्हिडिओ स्वतः सांगतो की मी संपलो, तेव्हाच धन्यवाद येतं. दिवसभर नेटवर्क अडलं तरी तुमचं नाव घेतल्याशिवाय बाबा खुर्चीतून उठायचे नाहीत. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा लागतो. समीक्षा म्हणते, ती जागा रिकामी राहिली तरी चालेल, पण दुसरं कोणी नको. तुमच्या फोनपासून ती नीट जेवलेली नाही, आणि मला ते पाहवत नाही. तेव्हा लिंक एकदा उघडावी, म्हणजे सगळं सरळ होईल.

आपला भाचा,
रजत

ता. क. लिंक बहुधा उघडणार नाही. फुलांची चौकट आणखी ठसठशीत करायला गेलो, तर अख्खी साइटच बसली. तासाभरात उठवतो.

ता. क. २. आईचं म्हणणं भलतंच आहे. "माह्या भावाले बोलवाले मशीन काऊन लागते? कुंकू लावाले मी मेली काय?" बरंच समजावलं, पण तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. दाराखालून ते मीच सरकवलं. आई हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन तुमच्या ओट्यावर बसली आहे, उन्हातच. "भाऊचं वाचून होईन तवाच दार वाजवीन," म्हणते. पण आतलं वाचून संपलं हे बाहेर कळावं असा कोड काही मला लिहिता येत नाही. तर मामा, पत्र इथे संपलं. दार उघडा.