डिसेंबरपासून उलटे

बुकित बातोक,
गुरुवार, सकाळ

प्रिय वेदू,

क्षिप्रा ऑफिसला निघायच्या आत हे लिहून व्हायला हवं. तुझी बहीणच ती, फोटो काढून तुला लगेच पाठवणार आहे. फोनवर तू "आई, नंतर बोलतो गं" म्हणशील, म्हणून कागदच घेतला. तुमच्या शुक्रवारच्या सामन्याआधी वाच. वरुणबद्दल आहे.

तू ओहायोत नवा होतास तेव्हा म्हणायचास, ऑफिसात सगळे बेसबॉलवर बोलतात आणि मी खुळ्यासारखा ऐकत बसतो. मग मीही सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर बेसबॉल शिकून घेतला, तुझ्याशी बोलायला विषय हवा म्हणून. मला जरा उमजायला लागला तोवर तुमच्याकडच्या लोकांचं मन त्यावरून उडालं. सामने लांबतात, तरुणांना धीर नाही, म्हणून चेंडू टाकणाऱ्याला घड्याळ लावलं म्हणे. तू म्हणालास, "आई, आता फुटबॉल बघ, तिथे तोच राजा." हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळायचं, चेंडू धरायचा हातात आणि नाव फुटबॉल! तेही शिकले. तुमची रविवारची रात्र म्हणजे माझा सोमवारचा चहा.

वरुण बेसबॉल किती छान खेळायचा. पण बघायला कोण, तर तू, सुचित्रा आणि आणखी चार आईबाप. फुटबॉलला अख्खं गाव लोटतं. त्याने खेळ बदलला तेव्हा तू मला एका दिवसात तीन फोन केलेस. त्याच्या बारशालाही इतके केले नव्हतेस.

गेले दहा दिवस वरुण मला रोज फोन करत होता. मी हरखून गेले. "आजी, गेम खेळू. तू आकडे सांग, मी उलटे म्हणतो." मग महिने, डिसेंबरपासून मागे. तो सप्टेंबरला अडायचा. मी म्हणायचे, "गधड्या, दमानं घे." लहानपणी तुझे पाढे घ्यायचे तसा सराव घेतला. परवा तो न अडता जानेवारीपर्यंत पोचला आणि मी टाळ्या वाजवल्या.

क्षिप्रा बूट घालत होती. दारातच थांबली. "आई, डोक्याला मार बसला की हे विचारतात. चुकलं तर खेळू देत नाहीत."

मी त्याला खोदून विचारलं. आधी "काही नाही, आजी." मग बोलला. सरावात टक्कर झाली, क्षणभर डोळ्यांपुढे काळोख. अजून उजेड टोचतो, वाचताना ओळी हलतात. कुणी विचारलंच तर अडू नये म्हणून माझ्याकडून तयारी करून घेत होता. "बाबाला सांगू नको ना. तो खूप खूश आहे." मी शब्द दिला.

तो शब्द आज मोडते आहे. तो पुन्हा मला फोन करेल की नाही, ठाऊक नाही. ओरडू नकोस त्याला. उद्याच, तुमच्या गुरुवारी, डॉक्टरकडे ने आणि तू स्वतः आत जा. तिथे त्याने सगळे महिने घडाघडा म्हटले, तर तू निश्चिंत होऊन त्याला घरी आणशील, याचीच मला धास्ती आहे. डॉक्टरांना सांग, त्या उत्तरांवर जाऊ नका, त्याच्या आजीने ती घोटून घेतली आहेत.

तुझीच,
आई