बेटावरचं बुकिंग

देवांग,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते. घटस्फोटात माझ्याकडे राहिलेली तुझी शिडाची बोट घेऊन मी परवा एकटीच लेक एरीतल्या त्या बेटावर मोटरसायकलच्या रेस बघायला गेले. जेमतेम तीन तास लागले.

दर जूनला तू विचारायचास, आणि मी इंडियाहून आलेल्या आईबाबांचं कारण सांगून नायगाराला निघायचे. त्यांनी तो सहा वेळा पाहिला.

धक्क्यावरच्या ऑफिसात बोटीचं नाव सांगितलं, तर तिथल्या बाई हसल्या. "दरवर्षी दोघांसाठी जागा बुक करून कॅन्सल करणारे तुम्हीच ना?"

बुकिंगचं तू मला कधीच बोलला नाहीस.

"या वर्षी जमलं म्हणायचं! नवरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"बोट बांधतोय," मी म्हटलं.

आश्लेषा